आधी ताजा कलम

*डॉक्टर, नमस्कार.*

*सात आठवड्यांपूर्वी आमचे हे (वय ४१) पतसंस्थेतून घरी येताना गाडीवरून पडले. कुत्रं आडवं आलं. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. दवाखान्यात नेलं तेव्हा बोलत होते, पण कुठे आहात विचारलं की "ऑडिटला आलोय" म्हणायचे. रात्री सीटी केला. डिस्चार्ज कार्डावर "माइल्ड हेड इंज्युरी, जीसीएस १४/१५, सीटी ब्रेन नॉर्मल" असं लिहिलंय. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. तेव्हापासून माणूस बदललाय. डोकं दुखतं, ट्यूबलाइट सहन होत नाही, बेरजा चुकतात, मुलीवर खेकसतात, रात्री टक्क जागे. जाऊबाई म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे कामाचा कंटाळा. शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. त्याचा जीसीएस ७, कार्डावर "सिव्हिअर". त्याचे दोन सीटी झाले, कवटी उघडून गाठ काढली. परवा बाजारात गाडीवर भेटला, ठणठणीत! मग माइल्ड कोण आणि सिव्हिअर कोण? आमचा सीटी चुकीचा वाचला का? आता एमआरआय करावा का? रक्ताची पण तपासणी निघाली आहे म्हणतात, ती करू का?*

*— एक वाचक, कराड तालुका*

*ता. क. सासरे (वय ७४) महिन्यापूर्वी मोरीत घसरले. टेंगूळ आलं होतं, उतरलं. हृदयाच्या झडपेसाठी त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. हल्ली जरा सुस्त असतात, उजवा पाय ओढतात. वयामुळे असेल ना?*

ताई,

तुमचं पत्र दोन पानांचं आणि ताजा कलम चार ओळींचा. मी मात्र त्या चार ओळी वाचून आधी फोन उचलला. हे सदर छापून यायला दहा दिवस जातात आणि तुमच्या सासऱ्यांकडे तेवढे दिवस आहेत की नाहीत याची मला खात्री नव्हती. तुम्ही त्याच संध्याकाळी त्यांचा सीटी केलात आणि जे निघालं ते इथे लिहायची परवानगीही दिलीत, म्हणून तिथूनच सुरू करतो. घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो. कवटी काही आकसत नाही. मग मेंदूच्या पृष्ठभागावरून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. अशी ताणलेली शीर मोरीतल्या साध्या आपटण्यानेही फाटू शकते. रक्त अगदी हळू झिरपतं, त्यात रक्त पातळ करायची गोळी असेल तर ते लवकर थांबत नाही. पहिल्या दिवशी नुसतं टेंगूळ दिसतं. तीन-चार आठवड्यांनी माणूस सुस्तावतो, पाय ओढतो, बोलताना शब्द शोधतो, कधी कपड्यात लघवी होते, आणि घरचे म्हणतात, "वय झालं." तुमच्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, उजवा पाय जड झाला होता, म्हणून मला डाव्या बाजूची शंका होती. सीटीत डाव्या बाजूला कवटीच्या आतून चंद्रकोरीसारखा काळसर पट्टा दिसला. त्याला क्रॉनिक सबड्युरल म्हणतात. कवटीला दोन भोकं पाडून आतलं जुनं रक्त काढून टाकतात; अण्णांचंही तसंच काढलं. ते दिसतं गाडीच्या वापरलेल्या ऑइलसारखं. झडपेच्या गोळीचं काय करायचं हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं, आणि ते तसंच ठरायला हवं. अशी गोळी घरच्या घरी बंद करायची नसते, आणि डोकं आपटल्यावर काही झालंच नाही असं समजून चालूही ठेवायची नसते. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन अशी रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या माणसाचं डोकं आपटलं तर टेंगूळ छोटं असो की मोठं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि सीटीचं विचारायचं. आता टाके निघेपर्यंत अण्णांना मोरीत एकटं सोडू नका.

आता तुमच्या ह्यांच्याकडे वळू.

तुमचा पहिला प्रश्न खरं तर भाषेचा आहे. कार्डावरच्या "माइल्ड"चा अर्थ घरात "किरकोळ" असा लावला गेलाय. तो शब्द मुळात मेंदूला किती लागलं हे सांगतच नाही. त्या रात्री, त्या तासाला माणूस किती शुद्धीवर होता, एवढंच तो सांगतो.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी ती मांडली. त्याआधी "अर्धवट शुद्ध", "ग्लानीत", "बेशुद्धसारखा" असे शब्द जो तो आपापल्या परीने वापरायचा. रात्रपाळीच्या नर्सची ग्लानी वेगळी, सकाळच्या डॉक्टरांची वेगळी. या दोघांनी तीनच गोष्टी पाहायच्या ठरवल्या. डोळे कशाने उघडतात, याचे जास्तीत जास्त ४. बोलणं कसं आहे, याचे ५. हातापायाची हालचाल कशी आहे, याचे ६. एकूण १५. शून्य कुणालाच मिळत नाही. काहीच प्रतिसाद नसलेल्या माणसाचेही ३ होतात. १३ ते १५ माइल्ड, ९ ते १२ मॉडरेट, ८ किंवा कमी सिव्हिअर.

तुमच्या ह्यांचे डोळे आपोआप उघडे होते, चार. सांगितलं तसा हात उचलत होते, सहा. फक्त दवाखान्यात असून "ऑडिटला आलोय" म्हणत होते, म्हणून बोलण्यात पाचाचे चार झाले. तो एक गुण तिथे गेला. (पतसंस्थेच्या माणसाला भर अपघातात ऑडिटच आठवावं, याचं हसूही आलं आणि वाईटही वाटलं.) पण घरात हे आकडे परीक्षेच्या मार्कांसारखे वाचले जातात, "पंधरापैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पैकीच्या पैकी". दोन तासांनंतरही चौदाच राहिलेल्या माणसाचा मेंदू त्या वेळी ठिकाणावर नसतो. तेवढ्यासाठीच सीटी करायला सांगतात. नुसती बेरीजही पुरेशी नसते. दारू प्यायलेला माणूस, झोपेचं इंजेक्शन दिलेला, घशात नळी घातलेला, सुजून डोळे मिटलेला, या सगळ्यांचा आकडा खाली येतो, आणि त्यात मेंदूच्या माराचा वाटा किती हे आकड्यातून कळत नाही. म्हणून चांगल्या कार्डावर तिन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. तुमच्या कार्डाच्या मागच्या बाजूला पाहा, बहुतेक ई (डोळे), व्ही (बोलणं), एम (हालचाल) अशी अक्षरं सापडतील.

आता शेजारच्या खाटेवरचा मुलगा. मी त्याला पाहिलेलं नाही, पण तुमच्या वर्णनावरून अंदाज करतो. कानाच्या वर कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटते, रक्त कवटी आणि वरच्या आवरणाच्या मध्ये साठतं, आणि आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असल्यामुळे ते पसरत नाही, फुगतं. सीटीत ते मसुराच्या दाण्यासारखं दिसतं. याला एक्स्ट्राड्युरल म्हणतात. मधल्या काळात माणूस कधी कधी नीट बोलतो, चहा मागतो, आणि मग तासाभरात बेशुद्ध पडतो. गाठ वेळेवर निघाली तर खालचा मेंदू पुष्कळदा शाबूत असतो, कारण त्याला मार कमी आणि दाब जास्त बसलेला असतो. दाब गेला, माणूस उठला. म्हणून सिव्हिअर लिहिलेला मुलगा बाजारात गाडीवर दिसतो आणि माइल्ड लिहिलेला माणूस ट्यूबलाइटखाली बसू शकत नाही. दोन्ही कार्डं खरी आहेत. (मुलाने इतक्यात गाडी चालवायला नको होती, ते वेगळं.)

चुकीचा वाचला का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक "नाही" असं आहे. सीटीला आपण त्या रात्री विचारतो ते एवढंच: आत्ता कवटी उघडावी लागेल असं काही आहे का? ताजं रक्त, फुटलेलं हाड, सूज, मेंदू एका बाजूला ढकलला गेलाय का, हे तो काही मिनिटांत सांगतो. ताजं रक्त पांढरं दिसतं, पाणी काळं. सीटी नव्हता तेव्हा ज्या बाजूची बाहुली मोठी झालेली असेल त्या बाजूला सर्जन अंदाजाने भोक पाडून गाठ शोधायचे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी निघाला. मशीन गॉडफ्री हाउन्सफिल्डचं, आणि कंपनी ईएमआय, म्हणजे ज्यांच्या तबकडीवर भोंग्यासमोर बसलेलं कुत्रं असायचं तीच. १९७९ साली हाउन्सफिल्डना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. माझ्या मते अपघाताच्या रात्री याहून उपयोगी यंत्र अजून निघालेलं नाही, आणि ज्यांना पहिल्याच रात्री थेट एमआरआय हवा असतो त्यांना मी नाही म्हणतो. एमआरआयला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ बडबडणाऱ्या, उलट्या करणाऱ्या माणसाला त्या बोगद्यात ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

त्या मुलाचे दोन सीटी का झाले, तेही यातच आहे. मेंदूतला काही रक्तस्राव पहिल्या तासात दिसत नाही, एक-दोन दिवसांत वाढतो. ज्याची शुद्ध खाली जाते, उलट्या वाढतात, त्याचा पुन्हा सीटी करतात. ज्याची सुधारते, त्याचा सहसा करत नाहीत. तुमच्या ह्यांची दुसऱ्या दिवशी सुधारली होती. हयगय झाली असं मला वाटत नाही.

मग सीटीला दिसलं नाही ते काय? आपल्याकडे "मुका मार" हा शब्द फार चांगला आहे. मडक्यात दही लावलेलं आहे आणि मडक्याला हिसका बसला. मडक्याला चीर नाही, थेंब सांडला नाही, पण आतलं दही मोडलेलं. मेंदू जवळपास तितकाच मऊ असतो. डोकं गर्रकन फिरून थांबलं की आतले वेगवेगळे थर कमी-जास्त वेगाने सरकतात आणि त्यांच्यामधले धागे, ज्यांतून एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला जातो, ते ताणले जातात, काही तुटतात. या धाग्यांची जाडी सीटीच्या नजरेच्या पलीकडची असते. काम चालतं, पण हळू चालतं. तीन आकड्यांची बेरीज धरून ठेवून चौथा मिळवायचा, तेवढ्यात कुणी हाक मारली की पहिले तीन गेले. ह्यांच्या चुका अशाच होतात ना? एकटे असताना कमी, काउंटरवर गर्दी असताना जास्त? तसं असेल तर जाऊबाईंना सांगा की कंटाळलेला माणूस दिवसभर सारखाच चुकतो, दमलेला मेंदू दुपारनंतर चुकतो.

एमआरआयचं. ज्या माइल्ड रुग्णांचा पहिला सीटी नॉर्मल होता, त्यांचा लवकर एमआरआय केला तेव्हा २७ टक्क्यांमध्ये काही ना काही सापडलं, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०१३ साली आलं. म्हणजे चारांत एक. उरलेल्या तिघांनाही त्रास असू शकतो, तो खोटा ठरत नाही. सात आठवड्यांनीही एमआरआयला एक गोष्ट दिसू शकते: बारीक रक्तस्राव झाला असेल तर त्यातलं लोह तिथेच राहतं, आणि एसडब्ल्यूआय नावाच्या पद्धतीत ते काळ्या ठिपक्यांसारखं दिसतं. हे ठिपके नुसते वरच्या पांढऱ्या भागात आहेत, दोन्ही अर्ध्या मेंदूंना जोडणाऱ्या पुलात आहेत की खाली देठापर्यंत गेलेत, यावरून त्या इजेच्या तीन पायऱ्या करतात. साध्या एमआरआयमध्ये ही पद्धत असेलच असं नाही, म्हणून चिठ्ठीवर "डोक्याला मार, एसडब्ल्यूआयसह" असं लिहून घ्या. पेसमेकर, डोळ्यात गेलेला धातूचा कण असं काही असेल तर टेक्निशियनला आधी सांगा.

पण एक स्पष्ट सांगतो. ठिपके दिसले तरी औषध बदलत नाही आणि दिसले नाहीत तरी उपचार तेच. त्यामुळे पैशांची ओढाताण असेल तर एमआरआय आज नको, बारा आठवडे होईपर्यंत थांबा. तोवर चढती सुधारणा दिसली तर मुळीच नको. उलट त्रास वाढत असेल, किंवा कामावर दाखवायला कागद लागणारच असेल, तर करा. त्यासाठी केलेला एमआरआय मी वाया गेला म्हणणार नाही. घरातल्या चार माणसांचं तोंड बंद होणं हाही उपचारच आहे. धाग्यांचे रंगीबेरंगी नकाशे काढून देतो म्हणणारं कुणी भेटलं तर पैसे देऊ नका. ते संशोधनात शंभर माणसांची सरासरी सांगायला ठीक आहे, एका माणसाचं निदान करायला अजून नाही.

तुम्ही विचारलेली रक्ताची तपासणी खरी आहे. मेंदूच्या पेशी दुखावल्या की जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिनं रक्तात उतरतात. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्या तपासणीला परवानगी दिली. पण तिचा उपयोग पहिल्या काही तासांत, सीटी करावा की नाही हे ठरवायला. सात आठवड्यांनी त्यात काही सापडणार नाही.

आणि तुमची तक्रार एकटीची नाही, हेही सांगतो. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर हे तीन कप्पे अपुरे आहेत हे डॉक्टरांना कधीपासून जाचत होतं. जबर माराच्या रुग्णांसाठी सीटीवरून वेगळी वर्गवारी १९९१ पासून आहे. मेंदूची मधली रेषा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली का, गाठ २५ मिलिलिटरपेक्षा मोठी आहे का, असं त्यात मोजतात. माइल्डवाल्यांकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. २०२५ साली "लॅन्सेट न्यूरॉलॉजी"मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून नवी मांडणी सुचवली. जीसीएस राहील, पण त्यासोबत लक्षणं, रक्तातली प्रथिनं, सीटी-एमआरआय आणि माणसाची आधीची परिस्थिती, म्हणजे वय, जुने मार, मनाचं आरोग्य, घरचा आधार, हे सगळं लिहायचं. नुसता एक शब्द ठोकून माणूस घरी पाठवायचा नाही. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात हे कधी पोहोचेल ते पोहोचेल. तुम्ही मात्र आजच एक गोष्ट विचारून ठेवा: अपघातानंतर सलग आठवायला केव्हापासून लागलं? अधूनमधून एखादं चित्र नव्हे, सलग. कुणी आलं, काय खाल्लं, नर्स काय म्हणाली. ती वेळ अपघातापासून २४ तासांच्या आत असेल तर सावरणं सहसा लवकर, दिवस-दोन दिवस असेल तर जास्त वेळ. सावरायला किती वेळ लागेल याचा अंदाज मला कार्डावरच्या चौदापेक्षा यातून जास्त येतो.

आता करायचं काय. अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवू नका. तो सल्ला पहिल्या एक-दोन दिवसांपुरता होता. रोज सकाळी चालायला न्या, डोकं फार ठणकणार नाही इतपत, आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. पतसंस्थेत अर्धा दिवस मागा, सकाळचा; काउंटर नको, मागचं टेबल, आणि महिनाभर त्यांची बेरीज दुसऱ्याने तपासावी. यात लाज नाही, त्यांची नोकरी वाचेल. डोकेदुखीच्या गोळ्या आठवड्यातून दोन-तीन दिवसांच्या वर गेल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, आणि हे मी फार घरांत पाहतो. कूस बदलताना गरगरत असेल तर तो बहुतेक कानाचा दोष आहे, डोकं विशिष्ट पद्धतीने फिरवून तो जातो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दारू पूर्ण बंद. गाडी सध्या नाही, आणि पुढे जेव्हा चालवतील तेव्हा हेल्मेट आरशाला नाही. चिडचिड मात्र नुसती "स्वभाव" म्हणून सोडू नका. झोप नाही, जेवण जात नाही, "माझा काही उपयोग नाही" असं बोलू लागले, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. मेंदूच्या मारानंतर येणारं नैराश्य उपचारांनी बरं होऊ शकतं.

बहुतेकांचा त्रास तीन महिन्यांत ओसरतो. काहींचा रेंगाळतो, आणि तुमचे हे त्यातले असतील तर मेंदूच्या कामाची चाचणी घेणारे न्यूरोसायकॉलॉजिस्ट मोठ्या रुग्णालयांत असतात, त्यांच्याकडे पाठवावं लागेल. पण डोकेदुखी रोज वाढत गेली, उलट्या सुरू झाल्या, झटका (फिट) आला, एक बाजू लुळी पडली, दिवसा उठवूनही जागे होईनात, किंवा नाकातून स्वच्छ पाणी गळू लागलं, तर एमआरआयची वाट बघायची नाही. आधी सीटी, त्याच दिवशी. एका सीटीतून साधारण वर्षभरात निसर्गातून मिळतात तेवढीच किरणं अंगावर पडतात. अशा वेळी त्याची भीती बाळगायची नाही.

शेवटची विनंती. तुम्ही पाठवलेला फिल्मचा फोटो पाहिला. त्यात तुमच्या खिडकीचे गज मेंदूपेक्षा स्पष्ट दिसतात. सीटी सेंटरमधून सीडी मागा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी, आणि पाहणाऱ्याला उजेड-काळोख कमी-जास्त करून पाहता येतं. ती सीडी आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन ह्यांना न्यूरोसर्जनकडे न्या. अण्णांचे टाके काढायला जाल त्याच दिवशी दोघांना एका गाडीत न्या, म्हणजे भाडंही एकदाच पडेल.